अकरा दिवस खात्यात पडून असलेले पैसे

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून ते थोडक्यात असं :

‘मी एका कंपनीत हिशेब विभागात आहे. भूकंपाच्या बातम्या यायला लागल्या तशी आमच्या मजल्यावर वर्गणी निघाली आणि “तू हिशेबातली, तूच सांभाळ” म्हणत सगळ्यांनी पैसे माझ्या खात्यात टाकले. चौसष्ट जण आहेत. आता तीन तट पडलेत. काहींचं म्हणणं, घोंगड्या, कपडे, औषधं घेऊन गाडी भरू आणि आपणच जाऊन वाटू, म्हणजे मधे कुणी खाणार नाही. काहींना एक नवी संस्था सापडली आहे. तिच्या जाहिरातीत “तुमच्या देणगीतला शंभर टक्के पैसा थेट पीडितांना” असं लिहिलंय. उरलेले म्हणतात, नाव असलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला द्या आणि मोकळे व्हा. माझी अडचण अशी की मागच्या एका आपत्तीच्या वेळी ढिगाऱ्यातून काढलेल्या बाळाचा फोटो पाहून मी मध्यरात्री पैसे पाठवले होते आणि ते सगळं बनावट निघालं. घरात अजून त्यावरून टोमणे बसतात. आता तर पैसेही दुसऱ्यांचे आहेत. अकरा दिवस झाले, रोज रात्री संस्थांची माहिती वाचत बसते आणि प्रत्येकीबद्दल काही ना काही वाईट सापडतंच. एक तरी अशी संस्था सांगा जिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल. नसेल तर पैसे परत करून टाकते.’

ताई,

डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी संस्था माझ्या माहितीत नाही. डोळे उघडे ठेवून पैसे द्यावेत अशा बऱ्याच आहेत, आणि तुम्ही हिशेबातल्या आहात ही या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे. त्याकडे येतेच, पण आधी त्या फोटोचं बोलू. तुमचं बाकीचं सगळं पत्र त्या एका रात्रीच्या धसक्यातून आलंय असं मला वाटतं.

२०२३च्या फेब्रुवारीत तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला तेव्हा समाजमाध्यमांवर एक चित्र फिरत होतं. पडक्या इमारतींमध्ये अग्निशमन दलाचा जवान आणि त्याच्या कुशीत लहान मूल. सोबत देणगीचं आवाहन आणि क्रिप्टो चलनाच्या खात्याचा पत्ता. मग कुणीतरी नीट पाहिलं, तर जवानाच्या हाताला सहा बोटं. चित्र संगणकाने बनवलेलं होतं. आता ती सॉफ्टवेअरं सुधारली आहेत, बोटं पाचच येतात. म्हणजे फोटो निरखून खरंखोटं ठरवायचे दिवस संपले. बाळाचा फोटो पाहून तुम्हाला भरून आलं, यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. चुकलं ते एवढंच की पैसे कोणाच्या नावावर चाललेत ते तुम्ही पाहिलं नाही. फोटो खरा असो की खोटा, खात्याचं नाव वाचायला पाच सेकंद लागतात.

तेवढी पाच सेकंदांची सवय लावून घ्या. आलेल्या लिंकवरून किंवा फॉरवर्ड झालेल्या क्यूआर कोडवरून पैसे पाठवायचे नाहीत. संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करायचा आणि तिथून जायचं. पैसे जाण्याआधी पडद्यावर जे नाव येतं ते संस्थेच्या नोंदणीतल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. एखाद्या व्यक्तीचं नाव आलं, मग ती कितीही भली असो, तिथेच थांबायचं. मोठ्या संस्थेच्या नावात एखादा शब्द मागेपुढे करून तयार केलेली नावं दर आपत्तीत उगवतात, म्हणून नाव ओळखीचं ‘वाटतं’ एवढ्यावर जाऊ नका, आपापल्या देशाच्या सरकारी नोंदणीत ते शोधा. आणि कुणी ‘आत्ताच, तासाभरात’ म्हणत मागे लागलं तर त्याला उद्या सकाळी यायला सांगा. खरी संस्था उद्याही तिथेच असते. त्या जुन्या फसवणुकीची तक्रार तुम्ही बँकेकडे आणि सायबर पोलिसांकडे केली नसेल तर आता करा. पैसे बहुधा परत येणार नाहीत, पण ते खातं कदाचित अजून चालू असेल.

आता तुमच्या अकरा रात्रींच्या वाचनाबद्दल. प्रत्येक संस्थेबद्दल काहीतरी वाईट सापडतं, असं तुम्ही लिहिलंय. सापडणारच. जी संस्था पन्नास वर्षं साठ देशांत काम करते तिच्या हातून चुका झालेल्या असतात, आणि कधी चुकांहूनही वाईट काही. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर अमेरिकन रेडक्रॉसने ‘लिबर्टी फंड’ नावाचा निधी काढला. लोकांनी भरभरून दिलं. नंतर कळलं की त्यातला काही भाग पुढच्या आपत्तींसाठी राखून ठेवायचा बेत आहे. देणगीदार भडकले, अमेरिकी संसदेत चौकशी झाली, अध्यक्षांनी पद सोडलं, आणि शेवटी हा निधी हल्ल्यांतल्या पीडितांसाठीच वापरू असं संस्थेला जाहीर करावं लागलं. २०१८ साली ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेच्या हैतीतल्या कर्मचाऱ्यांच्या गैरवर्तनाचं प्रकरण बाहेर आलं. ही दोन्ही नावं लहान नाहीत. तुमच्या तिसऱ्या तटाला हे जरूर सांगा, ‘नाव मोठं म्हणजे काम झालं’ असं नसतं.

पण याच गोष्टींकडे दुसऱ्या बाजूनेही बघा. हे तुम्हाला कळलं कसं? कुणीतरी तपासलं, छापलं, चौकशी केली म्हणून. ज्या संस्थेबद्दल तुम्हाला काहीच वाईट सापडलं नाही ती धुतल्या तांदळासारखी असेल, किंवा तिच्याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलेलं नसेल. दुसरी शक्यता जास्त. मी तर संस्थांचे वार्षिक अहवाल बघताना तक्रारींचं पान शोधते. ‘या वर्षी गैरवर्तनाच्या इतक्या तक्रारी आल्या, इतक्यांत तथ्य आढळलं, इतक्या जणांना काढलं’ असं छापणारी संस्था मला ‘तक्रारी : शून्य’ म्हणणारीपेक्षा जवळची वाटते. हजारो माणसं, घाईगर्दी, हातात पैसा आणि समोर अगतिक लोक, अशा ठिकाणी शून्य तक्रारींचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की तक्रारीची पेटी लावलेलीच नाही.

या सगळ्यात मला कायम आठवतं ते २००४च्या त्सुनामीनंतरचं एक प्रकरण. लाटा आल्या २६ डिसेंबरला. जगभरातून पैशांचा ओघ सुरू झाला. आणि जेमतेम आठवडा उलटतो न उलटतो तोच ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने जाहीर केलं की त्सुनामीसाठी आम्हाला जेवढं काम करता येईल तेवढे पैसे आले, आता या नावाने देऊ नका. द्यायचंच असेल तर इतर संकटांसाठीच्या आमच्या सर्वसाधारण निधीत द्या. बाकीच्या संस्था तेव्हा वैतागल्या, कारण त्यांचं आवाहन चालू होतं. पुढे या संस्थेने आधीच पैसे दिलेल्यांनाही विचारलं की तुमची देणगी दुसऱ्या संकटासाठी वापरू का, आणि बहुतेकांनी होकार दिला. पैसे देणारा दारात उभा असताना ‘पुरे’ म्हणायला काय लागतं ते तुम्हाला, हिशेब ठेवणारीला, वेगळं सांगायला नको. संस्था चांगली की वाईट याचा अंदाज मी अशा गोष्टींवरून घेते. आपल्याला काय जमतं, काय नाही, किती पैशांत काय होईल हे तिला माहीत आहे का, आणि ते ती अडचणीत येऊनही बोलते का.

तुमच्या खऱ्या हत्याराकडे आता वळू. रोज रात्री तुम्ही बातम्या आणि लोकांची मतं वाचताय. ताळेबंद एकदाही उघडलेला नाही असं पत्रावरून दिसतं. दिवसभर तेच करता म्हणून घरी नकोसं झालं असेल, समजू शकते.

मी एकदा एका संस्थेचा अहवाल घेऊन बसले होते. पुढची पंचवीस-तीस पानं हसऱ्या मुलांची. शेवटची काही पानं बारीक टायपात, तिथे लेखापरीक्षकाच्या सहीनंतर टिपा सुरू होतात. त्यातली एक टीप विशिष्ट हेतूसाठी आलेल्या निधींची होती. चार रकाने : आरंभीची शिल्लक, वर्षभरात जमा, वर्षभरात खर्च, अखेरची शिल्लक. काही वर्षांपूर्वीच्या एका पुराचा मदतनिधी त्यात होता. जमा काही नाही, खर्च काही नाही, आरंभीची आणि अखेरची शिल्लक एकच. मागच्या वर्षाचा अहवाल काढला, तोच आकडा. त्याच्या मागचा, तोच. मी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी क्षणभरही न अडखळता सांगितलं, ‘शाळा बांधायची होती, जमिनीच्या मालकीचा वाद न्यायालयात आहे. विश्वस्तांच्या ठरावाची प्रत पाठवू का?’ आणि पाठवली. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका संस्थेला साधारण असाच प्रश्न विचारला तर तीन दिवस ‘साहेब बाहेर आहेत’ आणि चौथ्या दिवशी मलाच उलट विचारणा, ‘तुम्ही किती देणार आहात?’ कागदावरचा आकडा दोन्हीकडे संशय यावा असाच होता.

तर ती टीप शोधा. मागच्या आपत्तीच्या नावाने घेतलेले पैसे आज कुठे आहेत, याचं उत्तर जाहिरातीत कधीच नसतं, त्या चार रकान्यांत असतं. सलग तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर नसतील तर मागा. लेखापरीक्षकाने काही शेरा मारलाय का बघा. विश्वस्तांची यादी वाचा. सगळी आडनावं एकच असतील आणि संस्थेची गाडी, जागा, छपाई सगळं त्याच घराण्यातून भाड्याने येत असेल, तर पुढे वाचायची गरज नाही. वस्तुरूप देणग्यांची किंमत कशी लावली आहे तेही पाहा. मुदत संपत आलेला माल फुकट घ्यायचा, त्याची चढी किंमत धरायची आणि तेवढी रक्कम ‘कार्यक्रम खर्च’ म्हणून दाखवायची, ही जुनी युक्ती आहे. त्याने प्रशासनावरच्या खर्चाची टक्केवारी झटकन खाली येते आणि संस्था गुणवान दिसायला लागते.

टक्केवारीचा विषय निघालाच आहे तर ‘शंभर टक्के’वाल्या संस्थेचं बघू. ‘प्रशासनावर कमीत कमी खर्च म्हणजे प्रामाणिक’ हा समज तुमच्या तिन्ही तटांत सारखाच दिसतो, आणि तो मला पटत नाही. देणगी पीडितांपर्यंत आपोआप जात नाही. कुणीतरी यादी करतं, एकाच घराला दोनदा आणि शेजारच्या विधवेला एकदाही नाही असं होऊ नये म्हणून घरोघर फिरतं, ट्रकला डिझेल घालतं, पावत्या जपतं. आणि चोरी पकडायला जो हिशेबनीस लागतो त्याचा पगारही प्रशासनाच्याच खात्यात पडतो. तुमच्या कंपनीने ‘आम्ही हिशेब विभागावर शून्य खर्च करतो’ अशी जाहिरात केली तर तुम्ही तिथे पैसे गुंतवाल? अमेरिकेत संस्थांची माहिती गोळा करून गुणांकन करणाऱ्या तीन संस्थांनी, गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी, २०१३ साली देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं की निव्वळ या टक्केवारीवरून संस्था निवडू नका. ज्यांचा व्यवसायच संस्था मोजण्याचा, त्यांचं हे म्हणणं आहे. प्रशासनाचा खर्च अर्ध्याच्या वर जात असेल तर अर्थातच विचारा, तेवढी अक्कल आपल्याला असतेच.

त्या नव्या संस्थेला मी लगेच बाद करणार नाही. कधीकधी प्रशासनाचा खर्च वेगळे देणगीदार उचलतात, मग ‘शंभर टक्के’ हे खरंही असू शकतं. तिला पत्र लिहून एवढंच विचारा, कार्यालयाचं भाडं आणि पगार कोण देतं? नाव सांगितलं तर पुढे बोला. ‘आमच्याकडे सगळे स्वयंसेवकच आहेत’ असं उत्तर आलं तर मी तरी चौसष्ट जणांचे पैसे देणार नाही. स्वयंसेवक सुट्टी संपली की घरी जातात. भूकंपातली घरं उभी राहायला वर्षं लागतात.

पहिल्या तटाशी बोलणं तुम्हाला सर्वांत जड जाईल, कारण त्यांची तळमळ खरी आहे. मी स्वतः चार दिवस एका मदत-गोदामात पोती उपसली आहेत, म्हणून हे जरा तावातावाने लिहितेय. जोड नसलेले बूट. उकाड्याच्या प्रदेशात लोकरीचे कोट, खिशात कुणाचीतरी जुनी तिकिटं. आणि औषधांची एक आख्खी पेटी, घरोघरून गोळा केलेली, त्यात कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. औषधाचं नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर, आणि ते दोन तुकडे एकत्र कधीच नाहीत. आमच्यात एक परिचारिका होती. ती छावणीत रुग्ण तपासायला आली होती आणि दिवसभर आमच्याबरोबर गोळ्या निवडत बसली. शेवटी ती पेटी तशीच नष्ट करायला पाठवली. त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात हेच प्रचंड प्रमाणात झालं. वीस लाखांहून कमी लोकांसाठी सुमारे ४,००० टन औषधं येऊन पडली होती. त्यातली कितीतरी त्या देशाच्या औषध-यादीतच नव्हती आणि बहुतेक वेष्टनांवरची भाषा तिथल्या लोकांना वाचता येत नव्हती.

शिवाय जागा अडते ती वेगळीच. २०१०च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळाला एकच धावपट्टी होती. ज्यांचा वर उल्लेख केला त्याच डॉक्टरांच्या संस्थेचं, हवा भरून उभं करायचं रुग्णालय घेऊन येणारं विमान तिथे उतरू शकलं नाही, शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिककडे वळवावं लागलं आणि सामान पुढे रस्त्याने आणावं लागलं. आपत्तीच्या जागेकडे जाणारा एकुलता एक रस्ता हा असाच असतो. तुमची गाडी त्यावर उभी राहिली तर तिच्या मागे कोण खोळंबलंय ते तुम्हाला दिसत नाही.

आवाकाही बघा. मदतकार्याचे किमान निकष ठरवलेली ‘स्फिअर’ नावाची पुस्तिका जगभर वापरली जाते. तिच्यानुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, डोक्यावर छप्पर असलेली माणशी ३.५ चौरस मीटर जागा, आणि २० माणसांमागे एक शौचालय. हजार माणसांची छावणी म्हटली की रोजचं १५,००० लिटर पाणी झालं. गाडीभर बाटल्या दुपारपर्यंत संपतात आणि रिकाम्या बाटल्यांचा ढीग उरतो. ज्यांना हाताने काही करायचंच आहे त्यांनी तिथल्या एखाद्या संस्थेकडून लेखी यादी मागवावी, यादीतलं नवंकोरं सामान घ्यावं, आणि तेही शक्यतो तिथल्याच बाजारातून. बाजार सुरू झाला असेल तर थेट रोख मदत बहुतेक वेळा सर्वांत उपयोगी पडते. तापात असलेल्या मुलाला घोंगडी हवी की औषध, हे त्याच्या आईला आपल्यापेक्षा जास्त कळतं. ‘रोख दिली तर दारूत उडवतील’ हे वाक्य तुमच्या मजल्यावर कुणीतरी म्हणेलच. घर पडलेल्या माणसाबद्दल असं बोलण्याआधी आपला महिन्याचा खर्च त्याला दाखवायची तयारी आहे का, असं मी त्यांना विचारलं असतं. तुम्ही विचारू नका, रोज एकत्र काम करायचंय.

मग पैसे द्यायचे कुणाला? मी तुमच्या जागी असते तर आपत्तीच्या आधीपासून तिथे काम करणारी संस्था शोधली असती. सगळ्यात जास्त वजन मी याला देते. भूकंपात पहिल्या काही तासांत ढिगाऱ्यातून माणसं काढतात ती शेजारपाजारचीच, आणि पुढे भाषा, वाटा, गावातली भांडणं माहीत असलेली माणसंच उपयोगी पडतात. अशी संस्था लहान आणि स्थानिक असू शकते, किंवा मोठ्या संस्थेची तिथली शाखा. रेडक्रॉस आणि रेड क्रेसेंटच्या राष्ट्रीय संस्था १९०हून जास्त देशांत आहेत, त्यांची माणसं त्याच मातीतली असतात. स्थानिक संस्थांची पंचाईत अशी की त्यांचे अहवाल गुळगुळीत कागदावर नसतात आणि परदेशातून शोधणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. मदतीच्या पैशांपैकी किमान २५ टक्के शक्य तितके थेट स्थानिक संस्थांकडे जावेत, असं मोठे देणगीदार देश आणि संस्था यांनी २०१६ साली मान्य केलं होतं. ठरलेल्या मुदतीत ते झालं नाही. तेव्हा मोठ्या संस्थेला फोन कराल तेव्हा हा प्रश्न जरूर विचारा की तिथे तुमच्याबरोबर कोणत्या स्थानिक संस्था आहेत. ‘अनेक भागीदार आहेत’ हे उत्तर नाही, नावं हवीत. तीच नावं मग तुम्हाला शोधता येतात, आणि मोठीने आधीच त्यांचे हिशेब तपासलेले असतात. काही देशांत बऱ्याच संस्था मिळून एकच आवाहन करतात. ब्रिटनमधली डिझास्टर्स इमर्जन्सी कमिटी १९६३पासून हे करते आहे. तुमच्या इथे असं काही असेल तर निवडीचं निम्मं ओझं उतरतं.

एकच संस्था निवडा, फार तर दोन. चौसष्ट जणांच्या समाधानासाठी सात ठिकाणी वाटून टाकाल तर सातही ठिकाणी पावती, नोंद आणि आभारपत्राचं काम वाढेल. देताना हेतू लिहा पण सैल लिहा. ‘या भूकंपातील मदत व पुनर्वसनासाठी’ पुरे. ‘फक्त घोंगड्यांसाठी’ लिहिलंत आणि त्यांच्याकडे घोंगड्या पुरेशा झाल्या असतील, तर तुमचे पैसे त्या चार रकान्यांच्या टिपेत अडकून पडतील आणि दहा वर्षांनी माझ्यासारखी कुणीतरी फोन करून त्यांना छळेल.

उशीर झाला म्हणून खंतावू नका. अकरा दिवसांत ढिगाऱ्याखालचं काम संपलेलं असतं. कॅमेरे परत गेले की पैसा आटतो आणि खर्च मात्र तेव्हाच सुरू होतो. पण खात्यात ठेवूही नका, आणि परत करून टाकण्याचा विचार माझ्या मते सोडा. एकदा परत गेलेले पैसे पुन्हा निघत नाहीत. शिवाय ते तुमच्या वैयक्तिक खात्यात आहेत, पगाराच्या पैशांत मिसळलेले, हे तुम्हाला माझ्याहून जास्त टोचत असणार. पावतीचंही बघून ठेवा. तुमच्या खात्यातून गेले तर पावती तुमच्या एकटीच्या नावावर येईल आणि करसवलत दिसेल ती तुम्हाला. ती घेऊ नका. चौसष्ट नावांची यादी देऊन वेगळ्या पावत्या मिळतात का ते संस्थेला आधीच विचारा, नाहीतर ‘कर्मचारी वर्ग’ अशा नावाची एकच पावती घ्या आणि करसवलत कुणालाच नाही हे आधी सांगून टाका.

उद्या कामावर गेल्यावर सूचनाफलकावर एक कागद लावा. मजकूर साधारण असा चालेल : ‘एकूण जमा इतकी. आजपर्यंत माझ्या खात्यात होती. अमुक संस्थेची नोंदणी, तीन वर्षांचे हिशेब आणि तिथलं आधीचं काम तपासलं आहे, कागद माझ्या टेबलावर आहेत, कुणीही बघावेत. शुक्रवारी दुपारी रक्कम पाठवणार आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी गुरुवारपर्यंत आपला वाटा परत न्यावा. पावती इथेच लावीन. सहा महिन्यांनी संस्थेला काम कुठवर आलं ते विचारून त्यांचं उत्तरही इथेच लावीन.’ खाली तारीख घाला आणि सही करा. कुणी वाटा परत मागितला तर देऊन टाका, कारण विचारू नका. आणि सहा महिन्यांनंतरची ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण तोवर दुसरी कुठलीतरी वर्गणी निघालेली असेल आणि तीही तुमच्याकडेच येईल.